दुधात मळलेली कांदारोटी

परवा धाकट्या नातवाच्या वाढदिवसाला सगळी मंडळी मला पिझ्झा खायला घेऊन गेली. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच ते दुकान आहे आणि नातवंडांची पावलं आठवड्यातून एकदा तरी तिकडं वळतातच. मी एकदाही गेले नव्हते. खुर्चीत बसते न बसते तोच नातू माझ्या कानाशी लागला, "आजी, घाबरू नकोस. व्हेजचं कटर वेगळं आहे, हिरव्या मुठीचं. मी विचारून घेतलंय." पिझ्झा समोर आला. मी एक तुकडा उचलला, एवढ्यात भट्टीचं दार उघडलं आणि भाजल्या कणकेचा, होरपळलेल्या कांद्याचा वास अंगावर आला. मी तोंडाजवळ नेलेला तुकडा परत ताटलीत ठेवला. दातांमुळे आजीला चावत नसेल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आणि मीही ते ठरू दिलं. न बोलता एखादी गोष्ट ठरू देणं मला लहानपणापासून चांगलं जमतं. ते मी कुठं शिकले, ते आज लिहायला बसले आहे.

आमच्या घरात गावाला धाराशिवच म्हणत. उस्मानाबाद हे नाव फक्त पत्रावर लिहायचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढं फायली मांडणारे कारकून. निजामाच्या राज्यात त्यांची सगळी हयात उर्दूत गेलेली. हुकूम, अर्ज, तारीख, सगळं ते झरझर उर्दूत लिहीत आणि अक्षर असं की साहेब लोक दाखवायला ठेवत. मग आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला, कचेरीचं काम मराठीत आलं आणि चाळिशी उलटलेले अण्णा रात्रीचं जेवण झाल्यावर माझी पाटी घेऊन बालबोध गिरवू लागले. मराठी त्यांना येत होती हो, पण कचेरीतली मराठी निराळी. पुण्या-साताऱ्याकडून आलेले नवे लोक त्यांच्या मसुद्यातले 'दरखास्त' आणि 'मंजूर फर्मावणे' वाचून गालात हसत. अण्णा घरी येऊन हे स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. मला मात्र ते हसू आवडत नसे.

बाजाराच्या दिवशी दुपारी अण्णा मला आणि माझ्या भावाला घेऊन लतीफचाचांच्या भट्टीवर जात. दर्ग्याकडं उतरणाऱ्या रस्त्यावर पत्र्याचं छप्पर, आत दोन बाकडी, पुढं जमिनीत पुरलेली मातीची भट्टी, आणि तिच्या तोंडाशी घामानं निथळणारे उंच, किडकिडीत चाचा. त्यांचं मुख्य गिऱ्हाईक नान आणि सालनाचं, म्हणजे मटणाच्या रश्श्याचं. आमच्यासारख्यांनी त्या रस्त्याला नाक धरून जायचं. पण अण्णांची आणि त्यांची दोस्ती जुनी. चाचांच्या जमिनीचा काही कागद अण्णांनी कधीकाळी नीट करून दिला होता, एवढंच मला माहीत. त्यावर चाचा म्हणाले होते, "पेशकारसाब, तुमी माझ्या दारात येऊन उपाशी जाता. हे बरं दिसत न्हाय." आणि त्यांनी आमच्यासाठी एक रोटी काढली. कणीक पाण्यात नाही, दुधात मळायची, कारण दुधात मळलेल्या दशमीला सोवळ्या-ओवळ्याचा दोष नाही, हे अण्णांनीच त्यांना सांगितलेलं. वर बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, करडईच्या तेलाचा हात. भट्टी पेटली की सगळ्यांत आधी ही रोटी लागायची, सालनाचं पातेलं उघडायच्या आधी. ती काढायची सळई वेगळी, तिला वरच्या टोकाला लाल दोरा बांधलेला. ताटलीही नाही, पळसाच्या पानावर रोटी. बघता बघता कचेरीतले चार कारकून, पेठेतले दोन वाणी, शाळेचे एक मास्तर, अशी आमच्यासारखी बरीच मंडळी त्या बाकड्यांवर दिसू लागली. कांदारोटी हे नाव माझ्या भावानं ठेवलं आणि तेच चाललं.

त्या रोटीची चव सांगत बसत नाही. खालून करपल्याचे काळे ठिपके, वरून कांदा गोड झालेला, आणि मधे ती दुधाची मऊ कणीक. अण्णा पहिला घास घेऊन डोळे मिटत आणि म्हणत, "लतीफभाई, लई झ्याक." चाचा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे खूश होत. आषाढी एकादशी आली की आमच्याकडं चातुर्मास, कांदा-लसूण बंद. ते आमच्याआधी चाचांच्या ध्यानात असे. "पेशकारसाब, एकादशी झाली. आता कार्तिकापर्यंत कांदा न्हाय, तीळ लावतो," असं ते बजावत. आई काही तिकडं यायची नाही. आम्ही परतलो की ती आम्हाला मागच्या दाराशी हातपाय धुवायला लावी, आणि मग हळूच विचारी, "आणलाय का एखादा तुकडा?" पानात गुंडाळलेला तिचा वाटा अण्णांच्या खिशात असेच. तो ती चुलीपाशी नाही, परसात उभी राहून खायची. वर म्हणायची, "अग्नीनं शुद्ध झालेलं, दुधात मळलेलं. त्याला काय होतंय?" माझ्या आईचं शास्त्र भुकेच्या बाजूनं होतं, हे तिच्याबद्दल मला फार आवडतं.

मी सातवीत असताना आमच्या वर्गात वसुधा आली. तिचे वडील साताऱ्याकडून बदली होऊन अण्णांच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून आले होते. तिच्या वेण्यांना साटिनच्या रिबिनी, बोलणं छापल्यासारखं. ती 'नाही' म्हणायची, आम्ही 'न्हाय'. पहिल्या आठवड्यातच मी घरी 'नाही' म्हणू लागले आणि भावानं माझी यथेच्छ टिंगल केली. वसुधाची मैत्रीण व्हायचं, एवढाच मला त्या वर्षी ध्यास होता. तिच्यासाठी मी चिंचा नेल्या, तिचे नकाशे काढून दिले. ती घ्यायची, छान हसायची आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात हात टाकून निघून जायची. आश्विनात तिच्या घरी भोंडला होता. आमच्याकडं त्याला हादगा म्हणत, पण मी लगेच भोंडला म्हणू लागले. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची, मग झाकून ठेवलेली खिरापत ओळखायची. मला बोलावणं आलं तेव्हा मी आईकडून तिच्या लग्नातलं परकर-पोलक्याचं कापड मागून घेतलं आणि रडून-ओरडून दोन दिवसांत शिवून घेतलं.

फेर झाले, गाणी झाली. खिरापत ओळखायची वेळ आली. वसुधाच्या आईनं डबा झाकून मांडीवर घेतला आणि आम्ही एकेक नाव घेऊ लागलो. मी म्हणाले, "तिळाची वडी." खरंच तिळाची वडी निघाली. वसुधा टाळी वाजवून म्हणाली, "अगं, तुझं नाक किती तिखट!" त्या एका वाक्यानं मी हरखून गेले. तेवढ्यात पेठेतली मंदा, जिच्याशी माझं त्या आठवड्यात भांडण झालं होतं, मोठ्यानं म्हणाली, "तीळ तिला लगेच कळणार की. मागच्याच बाजारी तिळाची रोटी खात बसली होती लतीफच्या भट्टीवर. बापासंगं."

वसुधाच्या आईचा हात डब्यातच थांबला. त्या बाई वाईट नव्हत्या. पण त्यांनी माझ्याकडं आणि मग माझ्या हाताकडं असं बघितलं, की तो हात कुठं ठेवावा हे मला कळेना. "खरं का गं? तिथं जाता तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी 'हो' म्हणाले असते तर काय झालं असतं? फार तर वडी वरून तळहातावर टाकली असती. फार तर पुढच्या वर्षी बोलावलं नसतं. आज हे हिशेब सोपे वाटतात. तेव्हा मला फक्त वसुधाची एक पाऊल मागं सरकलेली पावलं दिसत होती. मी म्हणाले, "जात होतो. आता नाही जात." "का?" "ते म्हणायचे, वेगळं करतो म्हणून. पण माझ्या रोटीत एकदा हाड निघालं."

हे वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं ते मला आजही सांगता येत नाही. पण त्याचा परिणाम मात्र बघत राहावा असा झाला. "अगं बाई! पोरीला फसवलं की मेल्यानं!" म्हणत वसुधाच्या आईनं मला जवळ ओढलं. वसुधानं माझ्या गळ्यात हात टाकला. मुलींनी विचारलं, केवढं होतं, कसं होतं, तू गिळलंस का? मी गिळलं नाही म्हणाले, आणि डोळ्यांत पाणीही आणलं. मला दोन वड्या मिळाल्या. लाज वाटते सांगायला, पण इतकं कौतुक माझं कुणी कधी केलं नव्हतं आणि मी ते मनापासून उपभोगलं.

तिसऱ्या दिवशी अण्णा कचेरीतून आले ते टोपीही न काढता ओट्यावर बसले. हेडक्लार्कांनी भरल्या कचेरीत त्यांना विचारलं होतं, "पेशकार, मुलीच्या पानात हाड निघालं म्हणे, आणि तुम्ही ब्र काढला नाहीत?" त्यांच्याबरोबर भट्टीवर जाणारे चार कारकून तिथंच होते. अण्णांनी मला समोर उभं केलं. "व्हय गं? हाड निघालं होतं?" मी मान हलवली. "मग मला का न्हाय दावलंस?" मी म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून." बघा, एका खोट्याला दुसरं कसं चटकन सापडतं. अण्णांचे डोळे एकदम भरून आले. त्यांना वाटलं, लेकीनं आपल्यासाठी एवढं सोसलं. आत आईनं सगळं ऐकलं होतं. ती उठून विहिरीवर गेली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानं देवापुढं बसली. परसात उभं राहून खाल्लेल्या त्या सगळ्या वाट्यांसाठी तिनं आठ दिवस एक वेळ जेवून काढले. मी तिला वाढायची. तिचं तोंड सुकलेलं मी रोज बघत होते.

दसरा झाला आणि अण्णा म्हणाले, "चल." माझा हात धरून ते मला भट्टीवर घेऊन गेले. दुपारची वेळ, पण बाकडी रिकामी होती. गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. चाचा भट्टीपाशी नुसते बसून होते. आम्हाला बघून उठले, पण रोजच्यासारखं "आव, आव" म्हणाले नाहीत. अण्णांनी बसायला नकार दिला आणि घडलेलं सांगितलं. खरं तर चाचांनी ते आधीच ऐकलं होतं. ते आत जाऊन लाल दोऱ्याची सळई घेऊन आले, ती उजेडात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, दोऱ्याची गाठ ओढून पाहिली. "हीच सळई, पेशकारसाब. दुसरी लावली न्हाय कधी. अल्लाकसम," ते म्हणाले. मग माझ्यासमोर उकिडवे बसले, म्हणजे त्यांचं तोंड माझ्या तोंडाच्या पातळीत आलं. "बेटी, डरू नक्को. मी रागावत न्हाय. केवढं होतं, सांग."

मी आंगठ्यानं तर्जनीचं पेर धरलं आणि दाखवलं. एवढं.

अण्णा माझ्याकडं बघत होते. त्या वेळी त्यांनी मला एक वाट काढून दिली. हळूच म्हणाले, "मिरचीचं देठ असंल गं. वाळलेलं देठ हाडासारखंच टणक लागतं. नीट आठव. देठच होतं का न्हाय?" एवढं म्हणायचं होतं, 'व्हय अण्णा, देठच असंल.' कुणी खोटं ठरलं नसतं, कुणाचं काही गेलं नसतं. मी तोंड उघडलंही. पण मला वसुधा दिसली, तिच्या आईची मांडी दिसली, तो गळ्यात पडलेला हात दिसला. मी म्हणाले, "न्हाय. हाडच होतं."

"बास, पेशकारसाब," चाचा म्हणाले. "लेकराला कशाला उलटं-सुलटं इचारता? लेकरू खोटं कैकू बोलंल?" ते तसेच बसून विचार करू लागले. खोटं शोधत नव्हते ते, स्वतःची चूक शोधत होते. आणि ती त्यांना सापडली. "त्या बाजारी मला ताप होता. डोकं ठिकाणावर नव्हतं. सालनाचा हात तसाच कणकेला लागला असंल. माझ्याच हातून झालं." त्यांनी दोन्ही कान धरले, आणि मग जे केलं ते मला अजून डोळे मिटले की दिसतं. माझ्या पायाशी हात नेऊन ते म्हणाले, "बेटी, माफ कर. तुझा धरम बिघडवला म्या." साठीच्या घरातला माणूस, भर रस्त्यावर, बारा वर्षांच्या पोरीपुढं. मी पाय मागं घेतला, पण तोंड उघडलं नाही.

परतताना अण्णांनी माझा हात धरला नाही. ते दहा पावलं पुढं चालत होते. कोपऱ्यावर थांबून, मागं न बघता त्यांनी विचारलं, "तुला काय सांगायचंय का मला?" मी म्हणाले, "न्हाय." त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. पुढं गावात उडप्याचं हॉटेल आलं, सगळी घरं डोसा खायला जाऊ लागली. आम्ही आग्रह केला की अण्णा म्हणत, "तुम्ही जाऊन या. माझ्या पोटात जागा न्हाय." माझ्याबरोबर बाहेर बसून त्यांनी पुन्हा कधी घास घेतला नाही.

चाचांनी त्याच आठवड्यात कुदळ घेऊन भट्टी फोडली. चांगली, धगधगती भट्टी. तिची खापरं रस्त्याकडेला पडली होती आणि शाळेत जाताना आम्ही ती बघत होतो. नवी भट्टी लागली, नान-सालन चालू झालं. पण बाकडं एकच उरलं, आणि कांदारोटी परत झाली नाही. वसुधाच्या वडिलांची पुढच्या उन्हाळ्यात बदली झाली. पत्र लिहीन म्हणाली होती. तिचं एकही पत्र आलं नाही.

मी शिकले, मास्तरीण झाले. 'खरे बोलावे' हा धडा किती वर्षं, किती वर्गांना शिकवला याची गणती नाही. प्रत्येक वर्षी ठरवायची की या सुट्टीत गेले की चाचांना सांगायचं. सुट्टी यायची, मी यायची, दर्ग्याच्या रस्त्याऐवजी दुसऱ्या रस्त्यानं घरी जायची. अण्णा गेले तेव्हा मात्र तेराव्यानंतर मी निघाले. एकटीच. आता नाही तर कधीच नाही, असं स्वतःला बजावत.

भट्टी बंद होती. चाचा आतल्या अंगणात बाजेवर पडून होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी "चाचा" म्हटलं आणि ते उठून बसले. आवाजावरून ओळखलं त्यांनी. "पेशकारसाबची बेटी!" खूप रडले अण्णांसाठी. मग सांगू लागले, "तुला ठाव न्हाय बेटी. त्या येळेपासून पेशकारसाब मरेपातूर दर बाजारी यायचे. त्या बाकड्यावर बसायचे. म्हणायचे, लतीफभाई, एक रोटी लावा. माझा भरवसा हाय. दर बाजारी म्हणायचे. म्या न्हाय लावली. मन धजलं न्हाय. एकदा हात चुकला, पुन्ना चुकला तर?"

म्हणजे अण्णांना कळलं होतं. आणि मी बोलावं म्हणून ते इतकी वर्षं थांबले होते. मी म्हणाले, "चाचा, मला तुम्हाला एक सांगायचंय." त्याच वेळी त्यांची सून माझ्यासाठी चहा घेऊन आली. कपाचा आवाज ऐकताच चाचा एकदम दोन्ही हात वर करून ओरडले, "नक्को, नक्को! तिला आपल्या घरचं कायबी देऊ नक्को!" सून जागच्या जागी थबकली. चाचांनी उशाखाली चाचपडून एक केळं काढलं आणि माझ्या दिशेनं धरलं. "हे घे बेटी. सालीतलं हाय. आतमदी कुणाचा हात लागत न्हाय. तूच सोल."

मी केळं सोललं. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते कान देऊन ऐकत होते, मी खाते की नाही ते. मी खाल्लं. शेवटचा घास संपल्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली आणि विचारलं, "आता सांग. काय सांगत होतीस?"

मी म्हणाले, "काही नाही, चाचा. येते मी."